टायगर मॉथचे टर्नबकल: सहाव्या आठवड्याची नोंद

डीएच ८२ टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाच्या प्रदर्शनी प्रतिकृतीसाठी कंट्रोल केबलचे आठ टर्नबकल, म्हणजे केबल ताणायचे जोड, करायचे आहेत. मधली नळी म्हणजे बॅरल; तिच्या एका टोकात उजव्या आणि दुसऱ्यात डाव्या आट्यांचा दुपायी फोर्क बसतो. आजअखेर पितळी बॅरल सहा चांगले, दोन बाद. उजव्या आट्यांचे आठही फोर्क तयार, डाव्या आट्यांचे चार बाकी.

आटे पाव इंची बीएसएफचे (ब्रिटिश बारीक आटे), म्हणजे इंचाला २६, कोन ५५ अंश. मेट्रिकच्या सवयीने ६० अंशांचं टूल लावलं तर आटे दिसायला देखणे येतात, पण बॅरलमध्ये एका बारीक रेघेवरच टेकतात. टूल ५५ अंशांच्या गेजमध्ये उजेडाकडे धरून तपासल्याशिवाय लेथवर चढवू नये.

लेथचं कॅरेज (टूल वाहणारा भाग) सरकवणारा लीड स्क्रू ३ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) असेल तर त्याला फिरवणारे चेंज गिअर असे: चालवणारे २० आणि १२७, चालणारे ६५ आणि १२०. पिच ०.९७७ मिमी, अगदी बरोबर बसते. मात्र कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट शेवटच्या कटापर्यंत सोडायचा नाही. टूल मागे घ्यायचं, मोटर उलटी फिरवायची आणि कॅरेज परत आणायचं. मध्येच नट उघडला की पुढचा कट दुसऱ्याच खाचेत पडतो आणि फोर्क भंगारात जातो. डाव्या आट्यांना चकाजवळ (जॉब पकडणाऱ्या भागाजवळ) आधी खाच काढून टूल तिथून टेलस्टॉककडे, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाकडे, न्यायचं. आट्यांची पूर्ण खोली ०.६३ मिमी. ०.५५ पर्यंत टूलने जाऊन उरलेलं डायने (बाहेरचे आटे पाडायच्या हत्याराने) काढलं की माथे गोल येतात. डाव्या आट्यांना अर्थात डाव्या आट्यांचीच डाय हवी.

संध्याकाळच्या वर्गात खरी अडचण वेळेची आहे. दोन तास झाले की चक मोकळं करून द्यावं लागतं, आणि थ्री-जॉमधून (तीन जबड्यांच्या चकातून) काढलेला जॉब पुन्हा पकडला की मध्य सरकतो. म्हणून काम नगावर नाही, पकडीवर वाटलं: एका संध्याकाळी एकच पकड, आठही नग. आटे अर्धवट ठेवून घरी जायचं नाही.

बॅरलला ५.३ मिमीचं भोक दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत पाडतो; एकाच बाजूने पाडलं तर ड्रिल तिरकं जातं. पितळात ड्रिल एकदम आत खेचलं जातं. त्यासाठी ड्रिलच्या धारेवर दगडाने बारीक सपाट पट्टी काढून रेक (धारेचा कापणारा उतार) शून्य करावा. एक बॅरल याच चुकीने गेलं. दुसऱ्यात डाव्या टोकाला उजवा टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) घातला गेला. आता डाव्या टोकावर ओळखीची खाच टर्निंगच्याच वेळी काढतो, टॅपिंग नंतर. मूळ टर्नबकलवरही डावं टोक ओळखायला खूण असते, ती शोभेची नाही.

फोर्कमध्ये पिनचं भोक आधी: ४.६ मिमी ड्रिल, मग भोक नेमक्या मापाला आणणारा ३/१६ इंची रीमर. चीर त्यानंतर स्लिटिंग सॉने (पातळ गोल करवतीने). उलट केलं तर चिरेतून दुसऱ्या पायात जाताना ड्रिल भरकटतं. टोकाची गोलाई सर्वांत शेवटी, पिनच्या भोकात कडक केलेली गोल बटणं मापासाठी बसवून कानशीने.

जोडल्यावर बॅरलबाहेर प्रत्येक बाजूला तीनपेक्षा जास्त आटे दिसू नयेत. मग आटे सैल होऊ न देणारी लॉकिंग वायर. प्रत्येक नगावर ‘उड्डाणासाठी नाही’ असा ठसा मारलाच पाहिजे. धातूचं प्रमाणपत्र आणि तपासणी नसलेला भाग उद्या उडत्या विमानात पोचता कामा नये.

पुढच्या वर्गात: डाव्या आट्यांचे चार फोर्क, एकाच पकडीत.