जुन्या इस्टेटसाठी पेट्रोल इंजिन: १.६ की १.४, आणि मध्ये सोलापूरचा उन्हाळा

फेब्रुवारी

यादी दोनवर आली. भारतात पेट्रोल इस्टेट, म्हणजे छत मागपर्यंत नेऊन डिकी मोठी केलेली गाडी, हवी म्हटलं की निवड तशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. मारुती बलेनो अल्टुरा, टाटा इंडिगो मरीना, ओपल कोर्सा स्विंग, फियाट सिएना वीकेंड. ऑक्टाव्हिया कॉम्बी नुसती बघायला. टाटा इस्टेट १९९२ ची, माझ्या मते आजही देखणी, पण ती डिझेल, म्हणून बाद.

इस्टेट कशाला, एर्टिगा घे, असं घरचे, दारचे सगळे सांगून दमले. माझं टॉवेल-चादरींचं छोटं दुकान आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून गठ्ठे आणायचे, अधूनमधून पुण्याला माल पोचवायचा. मागची सीट पाडली की सपाट जमीन मिळाली पाहिजे, आणि रविवारी तीच गाडी धुऊनपुसून घरच्यांना घेऊन तुळजापूरला गेली पाहिजे. बाकी कारण शौक. त्याला उत्तर नसतं.

सिएना वीकेंडसाठी जीव तुटला. १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, १०० हॉर्सपॉवर. त्या काळात एवढ्या किमतीत असं इंजिन कोण देत होतं? पण ते पेट्रोल पितं, आणि त्याचं अंतर्बाह्य जाणणारा मिस्त्री आता शोधावा लागतो. त्याच घरातलं १२४२ सीसीचं ‘फायर’ इंजिन कंजूस आणि चिवट आहे, पण मला वीकेंडमध्ये हवं होतं ते १.६च. कोर्सा स्विंगचं इंजिन वाईट नाही. फक्त ओपल हे नाव भारतातून २००६ मध्येच गेलं आणि २०१७ संपता संपता जनरल मोटर्सनेही इथली विक्री थांबवली. छोटा सेन्सर गेला तर गाडी महिनाभर झाडाखाली. दुसरी गाडी असणाऱ्याने खुशाल घ्यावी.

राहिल्या दोन. अल्टुराचं १.६ आणि मरीनाचं १.४.

गंमत बघा. मरीनाचं इंजिन टाटांच्या ४७५ कुळातलं. ४ सिलिंडर, ७५ मिमी बोअर (सिलिंडरची रुंदी), म्हणून ४७५. स्ट्रोक ७९.५ मिमी, मिळून १४०५ सीसी. इंडिकाच्या डिझेलचाही बोअर-स्ट्रोक हाच. अल्टुराचं सुझुकी जी१६बी, त्याचाही बोअर ७५ मिमी, पण स्ट्रोक ९० मिमी, म्हणून १५९० सीसी. म्हणजे पिस्टनची रुंदी तीच, फरक फक्त तो किती खोल जातो यात. लांब स्ट्रोकमुळे अल्टुरा खालच्या आरपीएमला ओढते, आणि गठ्ठे भरून सात रस्त्याच्या सिग्नलवरून निघताना मला तेच हवंय. मरीनाची ताकद सुमारे ८५ हॉर्सपॉवर, अल्टुराची ९४ च्या आसपास, आणि वर अल्टुरा अंगानं हलकी.

त्यामुळे ‘१.४ आहे म्हणजे अॅव्हरेज जास्त’ हा हिशेब इथं लागू पडत नाही. जड गाडीत छोटं इंजिन घातलं की ड्रायव्हर जास्त रेस देतो, खालचा गिअर जास्त वेळ धरतो आणि जे वाचायचं ते तिथंच जातं.

आता पैशांचं. माझं वर्षाचं रनिंग साधारण ६,००० किमी. १२ च्या अॅव्हरेजला ५०० लिटर, १४ ला ४२९. फरक ७१ लिटरचा. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साडेसात हजार. वर्षभर एवढंच. एकदा हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून फेसिंग आणि गॅसकेट केलं की वर्षाची बचत गेली, वर गाडी आठवडाभर उभी. म्हणून मी परवडणारं इंजिन त्यालाच म्हणतो, ज्याचं सामान आपल्या गावात काउंटरवर मिळतं आणि जे उघडायला आपला मिस्त्री घाबरत नाही. किमी-लिटरचा आकडा त्यानंतर.

या कसोटीवर दोन्ही उतरतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. इंडिका-इंडिगोचं सामान अजून भरपूर मिळतं, मात्र त्यातलं बरंच डिझेलचं. फक्त पेट्रोलला लागणाऱ्या वस्तू, म्हणजे कॉइल, सेन्सर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), यांसाठी फोनाफोनी करावी लागते. अल्टुराचं १.६ इथं फक्त बलेनोतच आलं, पण त्याचा धाकटा भाऊ जी१३ एस्टीम, व्हर्सा आणि जिप्सी किंगमध्ये होता आणि जिप्सी तर अगदी अलीकडेपर्यंत बनत होती. पिस्टन एकमेकांना चालत नाहीत (जी१३ चा बोअर ७४ मिमी), पण हे कूळ ज्याने हाताळलंय तो जी१६ समोर अडत नाही.

मार्च

दोन्ही गाड्या बघितल्या, दोन्ही एमएच-१३. सोबत माझे मिस्त्री, चाचा, होते. चाचांना सांगूनच ठेवलं होतं, मालक चहा देईल, पण आधी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते गेज लावून बघणं), मग चहा.

मरीना होटगी रोडकडची. बाहेरून चकाचक, आतून सीटकव्हर नवं. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या फॅनला डॅशबोर्डवरून वेगळा स्विच ओढलेला. असा स्विच दिसला की मी तिथंच सावध होतो: गाडी कधीतरी तापली होती आणि कुणीतरी कारण न शोधता पट्टी मारली. रेडिएटरचं झाकण काढलं, आत गंजकं पाणी, कूलंटचा थेंब नाही. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं की आतल्या नळ्यांत क्षार बसतो, ते इथल्या कुठल्याही गीझरवाल्याला विचारा. कॉम्प्रेशन तीन सिलिंडरना १६५ पीएसआयच्या जवळ, चौथ्याला १३०. चाचांनी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत गेज लावला. आकडा वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरलं असतं. वाढला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. हा दोष त्या इंजिनाच्या जातीचा नाही, जपणुकीचा आहे. नीट ठेवलेली मरीना मिळाली असती तर माझा निर्णय इतका सोपा झाला नसता, कारण आत ऐसपैस तीच आहे.

अल्टुरा जुळे सोलापुरात पत्र्याच्या शेडखाली. रंग उडालेला, डिकीचे गॅस शॉक (दार वर धरून ठेवणारे दांडे) मेलेले, टायर कडक झालेले. पण इंजिन थंड होतं आणि मालकाने आम्ही यायच्या आधी ते मुद्दाम गरम करून ठेवलं नव्हतं, यावरूनच अर्धं मत झालं. ऑइलचं झाकण काढलं, आत दुधाळ साय (ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण) नाही. चालू केल्यावर निळा धूर नाही. रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस सोडून पुन्हा दिली तेव्हा मात्र मागे हलकासा निळा भपका आला. व्हॉल्व्हची ऑइल सीलं, वयानं कडक झालेली. रिंगा गेल्या असत्या तर चढावर लोड घेतानाही निळाच धूर आला असता. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना १७० ते १७८. मी आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक बघतो; दहा टक्क्यांच्या आत असला की पुरे.

आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी टॉर्च लावून जुळवला. हे कंटाळवाणं काम टाळू नका. मध्येच कुणी दुसरं इंजिन बसवून त्याची नोंद केली नसेल तर पुढे पासिंगला डोकेदुखी तुमची. गॅस किट कधी लागलं होतं का तेही बघितलं, नव्हतं.

पाऊण लाखाच्या आत सौदा झाला. चहा नंतर झाला.

एप्रिल

पहिला खर्च टायमिंग बेल्टचा. जी१६ला चेन नाही, बेल्ट आहे. कधी बदलला त्याची नोंद नसली की बेल्ट जुनाच समजायचा, किमी कितीही कमी असोत. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. तिथवर उघडलंच म्हणून टेन्शनर, वॉटर पंप आणि क्रँकचं पुढचं ऑइल सीलही बदलून घेतलं. मजुरी एकदाच लागते.

आणि मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. या विषयावर माझं आणि चाचांचं वाजलं.

गाडीत थर्मोस्टॅट नव्हताच. ओळखायची सोपी रीत सांगतो: सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. थर्मोस्टॅट असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो. आपल्याकडे गाडी तापली की पहिला उपाय म्हणून तो काढून फेकतात. चाचांचंही म्हणणं तेच. “सोलापुरात थर्मोस्टॅट कशाला लागतो हो? इथं इंजिन बंद असलं तरी गरमच असतं.”

हसू आलं, पण पटलं नाही. इंजिनाला ८० अंशांच्या वरचं तापमान लागतं, बाहेर ४२-४३ असले तरी ते त्याच्या निम्मंच झालं. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन गरम व्हायला उशीर लागतो आणि ईसीयूला वाटतं गाडी अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. अॅव्हरेज जातं आणि बोअरही लवकर झिजतो. बरं, तापणं थांबतं का? नाही. तापण्याचं कारण क्षारानं भरलेला रेडिएटर, मंद फॅन किंवा मेलेलं झाकण असतं. झाकण हे नुसतं झाकण नव्हे. ते आत साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली झाली की भर उन्हात ते सगळं संरक्षण संपतं. जी१६चा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, त्यांना तापणं मुळीच सोसत नाही.

शेवटी रेडिएटर उघडून रॉडिंग केलं (नळ्यांत सळई घालून क्षार काढला), नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट निम्मं-निम्मं. फॅन पुन्हा आपल्या सेन्सरवर. चाचा म्हणाले, “मे महिन्यात बोलू.”

मे

बोललो. दुपारी दोन वाजता, एसी लावून, गठ्ठे भरून अशोक चौकातल्या गर्दीत तापमानाचा काटा मधोमध. चाचा काही म्हणाले नाहीत, पण परवा दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला ते थर्मोस्टॅट बसवत होते.

शहरात अॅव्हरेज आधी अकराच्या खाली होतं, आता बाराच्या वर आहे. मोजायची माझी पद्धत टाकी फुल ते टाकी फुल: तोच पंप, तेच नोझल, सकाळची वेळ, पहिल्या कटला थांबायचं, वर घटाघटा भरायचं नाही. पाच-सात लिटरवर काढलेलं अॅव्हरेज मला कुणी सांगितलं तर मी मान हलवतो आणि विसरतो.

आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या या पेट्रोलसाठी योग्य सामान वापरून बनतात. २००४ ची अल्टुरा अर्थातच नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या जवळजवळ दोनतृतीयांश. म्हणजे २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या मानाने सुमारे सात टक्के, आणि ई१० च्या मानाने साडेतीन टक्के ऊर्जा कमी. अॅव्हरेज निम्मं झालं म्हणणाऱ्यांच्या गाडीत दुसरं काहीतरी बिघडलंय. एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आणि ऑक्सिजन सेन्सर चालू असला तर ईसीयू मिश्रण बऱ्यापैकी सांभाळून घेतो. खरी भीती रबराची. जुने पाइप फुगतात, तडकतात, आणि इंजेक्शनच्या लाइनमध्ये अडीच-तीन बार दाब असतो. म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप एसएई जे३० आर९ छापलेले घेतले. काउंटरवर कार्ब्युरेटरचे साधे पाइप स्वस्तात दाखवतील, ते या दाबाला चालत नाहीत. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, तेव्हा महिना-महिना उभी राहणारी गाडी असेल तर टाकी भरून ठेवलेली बरी. बाकी तक्रार कुणाकडे करायची? आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके की टाकीतला पाचवा हिस्सा आपल्याच उसाचा असू शकतो.

जून

पहिल्या पावसानंतर पुण्याला माल घेऊन गेलो. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, सगळीकडे वेगाचा काटा ८० वर ठेवून पाचव्या गिअरमध्ये. अॅव्हरेज १५. येताना रिकामी गाडी १०० ने पळवली तर तेराच्या घरात. ओझ्यानं जेवढं खाल्लं नाही तेवढं वाऱ्यानं खाल्लं.

खर्चाच्या वहीत एक ओळ नव्यांसाठी. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, वर पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीचं नोंदणी नूतनीकरण शुल्क ५,००० वरून १०,००० झालंय. गाडी बघायला जाताना हा आकडा सौद्यात धरून बोला, मालक बहुतेक वेळा ऐकतो.

राहिलेलं काम: व्हॉल्व्हची ऑइल सीलं. ती हेड न उतरवता बदलता येतात, सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वर धरायचे. चाचा तयार आहेत, कॉम्प्रेसर शेजारच्या पंक्चरवाल्याचा. आणि डिकीचे गॅस शॉक. अल्टुराचे मिळत नाहीयेत, तोवर बांबूचा टेकू आहे. कुणी दुसऱ्या गाडीचे बसवून बघितले असतील तर लांबी आणि शॉकवर छापलेला न्यूटनचा आकडा कळवा.