तीस सेकंदांची विश्रांती

कोल्हापुरात खेळाडूंच्या शारीरिक सुदृढतेच्या चाचण्या घेण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. परंतु गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी जे पाहिले, त्यामुळे चाचणीचा तक्ता भरण्याची माझी पद्धत कायमची बदलली.

त्या सकाळी शहरातल्या एका तालमीचे वस्ताद आपल्या एकोणीस वर्षांच्या पठ्ठ्याला घेऊन मैदानावर आले. पोरगा ८६ किलो गटातला, मान आणि खांदे पाहताक्षणी डोळ्यांत भरणारे. वस्तादांनी लागलीच विषय काढला.

"सर, पोरगं पहिल्या फेरीत समोरच्याला हलू देत नाही, आणि शेवटच्या दीड मिनिटात असं मोडतंय की बघवत नाही. तीन कुस्त्या अशाच गेल्या. जोर-बैठका आणखी वाढवू का?"

या प्रश्नाने मला अपराधी वाटले, कारण सहा महिन्यांपूर्वी याच मुलाची चाचणी मी घेतली होती. पकड मोजली, उभ्याने लांब उडी मोजली, दोन्ही आकडे उत्तम आले, आणि वेळ कमी होता म्हणून दमाची चाचणी न घेताच मी 'तयारी उत्तम' असा शेरा लिहून दिला. चूक सर्वस्वी माझी होती, आणि ती मी वस्तादांना त्याच वेळी सांगितली.

या वेळी काहीही वगळायचे नाही असे ठरवले. पकडमापकावर त्याच्या उजव्या हाताने ५८ किलो दाखवले. मग प्रतिक्रिया काळ पाहण्यासाठी मी पट्टी त्याच्या बोटांमध्ये उभी धरून अचानक सोडली. ती त्याने साधारण १५ सेंटीमीटरवर पकडली, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शापेक्षाही लवकर. पाय सरळ ठेवून पुढे वाकताना मात्र त्याची बोटे घोट्यापर्यंतही पोचेनात. मांडीमागचे स्नायू इतके आखडलेले असतील, तर खाली वाकून पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडताना, दर वेळी जास्त ताकद खर्ची पडते. हे मी वहीत टिपून ठेवले, पण शेवटच्या दीड मिनिटाचे उत्तर यात नव्हते.

त्यानंतर ५० सेंटीमीटर उंचीचा लाकडी ठोकळा मांडला. मिनिटाला ३० वेळा या गतीने पाच मिनिटे चढ-उतार करायची, मग बसायचे, आणि एक, दोन व तीन मिनिटांनंतर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे नाडीचे ठोके मोजायचे, अशी ही चाचणी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डमध्ये ती तयार झाली, आणि आजही तिला घड्याळ आणि ठोकळा यापलीकडे काही लागत नाही. शेजारी सरावाला आलेला पेठेतल्या फुटबॉल संघाचा एक शिडशिडीत खेळाडू होता. त्यालाही सोबत घेतले.

पाच मिनिटे दोघांनीही पूर्ण केली. एका मिनिटानंतर मी मल्लाचे मनगट धरले. घामाने बोटे घसरत होती आणि नाडी अशी उडत होती की मोजताना आकडा निसटेल की काय असे वाटले. अर्ध्या मिनिटात ८४ ठोके. पुढे ७८, मग ७२. फुटबॉलपटूचे ६०, ५० आणि ४४. चाचणीच्या सूत्राप्रमाणे गुणांक आले ६४ आणि ९७. नव्वदच्या वरचा गुणांक उत्कृष्ट मानतात, आणि ६४ सरासरीच्या खाली येतो. त्याच फुटबॉलपटूची पकड जेमतेम ३९ किलो भरली, हेही वस्तादांनी स्वतः पाहिले.

मग त्यांना मी सविस्तर समजावले. मॅटवरची कुस्ती म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. समोरच्याला उचलून टाकण्यासाठी लागणारी स्फोटक शक्ती स्नायूंत साठलेल्या ऊर्जेवर चालते, आणि पूर्ण जोर लावला तर हा साठा दहा-एक सेकंदांत सरतो. तो पुन्हा भरतो तो प्राणवायूच्या साहाय्याने. म्हणजेच हृदय आणि फुप्फुसे जितकी तयारीची, तितका तो लवकर भरतो. या मुलाची ताकद पहिल्या फेरीत पुरेपूर असते, पण दोन डावांच्या मधल्या उसंतीत आणि त्या ३० सेकंदांत ती परत येत नाही. बळ आणि दमदारपणा हे वेगवेगळे घटक आहेत. जोर-बैठकांनी बळ आणि स्नायूंचा दमदारपणा वाढतो. रुधिराभिसरणाचा दमदारपणा, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचा दम, मात्र त्याच प्रमाणात वाढतोच असे नाही.

वस्ताद बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या वेळी पहाटे रंकाळ्याला पळतच जायला लागायचं. आता पोरं मोटारसायकलवर तालमीत येतात." थोडे थांबून त्यांनी खाशाबा जाधवांचे नाव काढले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवलेल्या खाशाबांना तिथे एक कुस्ती संपताच पुरेशी विश्रांती न देता पुढच्या कुस्तीला उभे केले, असे सांगितले जाते. "ही गोष्ट मी पोरांना शंभरदा सांगितली असेल," वस्ताद म्हणाले, "पण दम असा मोजता येतो, हे कधी ध्यानात आलं नव्हतं."

आम्ही नवा आराखडा केला: आठवड्यातून तीन दिवस पळणे, दोन दिवस तीन मिनिटांची लढत व ३० सेकंदांची विश्रांती असे जोडून घेणे, आणि रोज लढतीनंतर मांड्या ताणणे. जोर-बैठका तेवढ्याच ठेवल्या. निघण्यापूर्वी वस्तादांनी माझ्याकडून नाडी मोजायला शिकून घेतली. अंगठा वापरायचा नाही, दोन बोटे मनगटावर ठेवायची, हे त्यांनी स्वतःच्या हातावर दोनदा करून पाहिले.

दोन महिन्यांनी मी तालमीत गेलो. मारुतीच्या तसबिरीखाली भिंतीवर खडूने आकड्यांची एक रांग लिहिलेली होती, सगळ्यात वर ८४. वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून, डोळे घड्याळावर ठेवून, लाल मातीने माखलेल्या त्या पोराचे मनगट धरून ठोके मोजत होते. मोजून झाल्यावर ते उठले आणि रांगेच्या शेवटी त्यांनी ७१ लिहिले.