कोरी कॅपिलरी

हॅम्बुर्गला पहाटे साडेचार वाजता मी एक कॅपिलरी, म्हणजे नमुन्याची बारीक काचनळी, दिव्यासमोर धरली आणि पोटात खड्डा पडला. आतलं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ होतं. ते चहासारखं तपकिरी असायला हवं होतं.

झालं असं. उसाच्या चिपाडातला सेल्युलोज फोडणारी बुरशीची काही एन्झाइम असतात, एलपीएमओ म्हणतात त्यांना. २०१० मध्ये त्यांचं खरं काम उघड झालं. त्यांच्यात तांब्याचा एकच अणू असतो, हिस्टिडिन नावाच्या दोन अमिनो आम्लांच्या चिमट्यात धरलेला. तो आधी एक इलेक्ट्रॉन घेतो, मग कामाला लागतो. प्रयोगशाळेत हा इलेक्ट्रॉन आपण क जीवनसत्त्व घालून देतो, पण शेतातल्या बुरशीला ते कोण देणार? चिपाडातलंच लिग्निन, म्हणजे त्याला कडकपणा देणारं तपकिरी द्रव्य, ते देतं, असं रासायनिक पुराव्यावरून दिसतं. आम्हाला तो क्षण प्रत्यक्ष बघायचा होता. एन्झाइम बाहेर न काढता, न गोठवता, द्रावणात चालू असताना.

त्यासाठी हॅम्बुर्गचं पेट्रा-३ हे क्ष-किरणांचं यंत्र गाठलं. २३०४ मीटर घेराची कडी, ६ जीईव्हीचे (सहाशे कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे) इलेक्ट्रॉन, आणि तिथून येणारे क्ष-किरण नमुन्यावर पडतात ते सेकंदाला एकावर बारा शून्यं या घरातले. तांबं ८९७९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास क्ष-किरण शोषायला लागतं. त्याने एक इलेक्ट्रॉन घेतला की शोषणाच्या आलेखात ८९८४ च्या सुमारास एक छोटा खांदा उगवतो. हा खांदा वाढताना दिसला म्हणजे तांब्याला इलेक्ट्रॉन मिळतोय. एवढंच बघायचं.

आमच्याबरोबर पीएचडीचा एक पोरगा होता, कराडकडचा, घरचा ऊसच. एन्झाइम शुद्ध करायला त्याला आठ महिने लागले आणि हाती आलं दीड मिलिलिटर. ते बर्फाच्या डब्यातून आणताना विमानतळावर त्याने तो डबा पोटाशी असा धरला होता, की तपासणीवाल्यालाही दया आली.

पहिल्या रात्री खांदा उगवला. मिनिटागणिक वाढत गेला. त्याहून सुंदर म्हणजे सगळ्या रेघा एका ठरावीक बिंदूतून जात होत्या. एका रूपाचं दुसऱ्या रूपात सरळ रूपांतर होतं, मध्ये तिसरं काही नसतं, तेव्हाच असं दिसतं. पोरगा खुर्चीतून उठून म्हणाला, ‘ताई, लिग्निन देतंय!’ त्याने आलेखाचा फोटो सरांना पाठवला. पुण्यात तेव्हा सकाळ होती. सरांचं उत्तर आलं: ‘उत्तम. आता तापमान बदलून बघा.’

कोऱ्या नमुन्याबद्दल कुणी विचारलं नाही. मीही नाही. लिग्निन न घातलेला नमुना यादीत होता, पण शेवटच्या शिफ्टला. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. बीमटाइम, म्हणजे किरण वापरायची पाळी, मिळवायला सहा-सहा महिने प्रस्ताव लिहायचे, आणि मिळाला की आधी ‘खरे’ नमुने उरकायचे. कोऱ्याची पाळी येते तेव्हा एक तर बीम गेलेला असतो नाहीतर माणसं झोपलेली.

दुसऱ्या रात्री कॅपिलरी बदलायला मी हचमध्ये, म्हणजे नमुन्यावर किरण पडतात त्या बंद खोलीत गेले. कॅपिलरी लावायची, मग ‘सर्च’: खोलीत कुणी राहिलं नाही हे बघत एकेक बटण दाबत बाहेर यायचं, दार लागलं की दिवा लाल. पाचवी फेरी असेल. कॅपिलरीवरचे मार्करचे आकडे अल्कोहोलच्या बोटांनी पुसट झाले होते. ४ आणि ९ मध्ये माझा गोंधळ झाला. खांदा नेहमीसारखाच उगवला, त्यामुळे कुणालाच संशय आला नाही. तीन तास मोजून मी ती काढली आणि दिव्यासमोर धरली.

आत लिग्निनचा थेंबही नव्हता. काचेवर मात्र जिथे किरण पडत होते तिथे अर्ध्या मिलिमीटरचा तपकिरी डाग होता, उदबत्तीचा चटका लागावा तसा.

मग समजायला वेळ लागला नाही. एक फोटॉन पाण्यात शेकडो रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतो. ते मोकाट इलेक्ट्रॉन समोर येईल त्याला चिकटतात, आणि समोर तांबं होतं. विरघळलेल्या ऑक्सिजनने त्यातले बरेच गिळले असते, पण प्रयोग ‘शुद्ध’ व्हावा म्हणून आम्हीच नायट्रोजन सोडून तो हाकलला होता. आधी इंदूरच्या इंडस-२ या तशाच यंत्रावर हेच द्रावण तासभर ठेवलं तेव्हा काही हललं नव्हतं. ‘तिथला बीम कमी पडला’ असं आम्ही अहवालात लिहिलं होतं. ते वाक्य आता वाचवत नाही.

खात्रीसाठी किरणांच्या वाटेत ॲल्युमिनियमचे पत्रे घातले. ९००० इलेक्ट्रॉनव्होल्टला १०० मायक्रॉनचा पत्रा जेमतेम ४० टक्के किरण जाऊ देतो. पत्रा वाढवला तसा खांद्याचा वेगही त्याच प्रमाणात मंदावला. लिग्निन असलं काय, नसलं काय. दोन्ही वेगांची वजाबाकी केली तर उरला तो नुसता गोंगाट.

तिथल्या बीमलाइनच्या बाईंनी शांतपणे दोन वाटा सांगितल्या. एक, नमुना हेलियमच्या गारठ्यात गोठवा. पण मग चालू एन्झाइम बघायचं कसं? दुसरी, द्रावण वाहतं ठेवा, म्हणजे कुठलाच थेंब फार वेळ किरणांत राहणार नाही. त्यासाठी निदान वीस मिलिलिटर लागलं असतं. पोरगा डब्यात उरलेल्या अर्ध्या मिलिलिटरकडे बघत होता.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. निष्कर्ष बहुधा बरोबरच होता. माझी बोटं ओली नसती तर आम्ही तो छापला असता, परीक्षकांनी मान डोलावली असती, आणि पुढे कुणी हा प्रयोग नीट केला असता तरी त्याला आमचंच उत्तर मिळालं असतं. आम्ही कधी सापडलोच नसतो.

पुण्याला आल्यावर सर म्हणाले, ‘पण लिग्निन इलेक्ट्रॉन देतं ना शेवटी?’

‘देतं सर. आपण ते बघितलेलं नाही.’

सर गप्प बसले. पोरगा आता पुन्हा एन्झाइम शुद्ध करतोय. या वेळी वीस मिलिलिटर.