मधलं मादल

४ जानेवारी हा आमच्यासारख्या वादकांचा वर्षातला सगळ्यांत धावपळीचा दिवस. संगीतकार राहुल देव बर्मन, म्हणजेच पंचमदा, १९९४ साली याच तारखेला गेले, त्यामुळे पंचमदांच्या गाण्यांचे कार्यक्रम याच आठवड्यात गावोगावी लागतात. त्यांचा वाढदिवस २७ जूनचा, पण मराठवाड्यात तेव्हा पेरणीची घाई असते आणि आभाळाचा भरवसा नसतो. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमांचा आमचा हंगाम जानेवारीच.

मी साइड रिदम वाजवतो. ऑर्केस्ट्राच्या बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. तबला, ढोलक आणि ड्रम सोडून तालाचं जे जे उरतं, ते सगळं माझ्याकडे असतं: खाचांवर काठी घासून वाजवायचं रेसो-रेसो, बोंगो, मण्यांचा काबासा, घुंगरू, खंजिरी आणि मादल. पंचमदांच्या गाण्यांत या उरलेल्या वाद्यांना फार मोठी जागा आहे. त्यांच्या तालाची बाजू सांभाळणारे मारुतीराव कीर, रेसो-रेसो वाजवणारे अमृतराव काटकर, दार्जिलिंगहून आलेले मादलवादक रणजित गजमेर यांची नावं श्रोत्यांना सहसा ठाऊक नसतात. त्यांचा ठोका मात्र पाठ असतो. गाण्याच्या दुसऱ्या कडव्याआधी रेसो-रेसोची एक घासणी राहिली, तरी तिसऱ्या रांगेतला माणूस मान वर करतो. त्या माणसासाठी मी वाजवतो. मूळ रेकॉर्डिंगमध्ये मागच्या कोपऱ्यात बसून कुणी काय वाजवलं, ते जसंच्या तसं त्याच्या कानापर्यंत पोचवणं हे माझं काम आहे, आणि ते मला अतिशय प्रिय आहे.

एका वर्षी ४ जानेवारीचा कार्यक्रम अंबाजोगाईला होता. छत्रपती संभाजीनगरहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. कार्यक्रम संध्याकाळी सातला, साउंड चेक तीनला, म्हणून सकाळी नऊलाच निघालो. आम्ही सगळे ट्रॅव्हलरमध्ये, वाद्यं मागून पिकअपमध्ये. आडूळ, पाचोड गेलं, शहागडला गोदावरी ओलांडली, बीडच्या अलीकडे चहा झाला. या रस्त्यावर आमच्या गाडीत गाणं कधीच वाजत नाही. निवेदक झोपतो, गायिका वाफेचं मशीन मांडीवर घेऊन बसते, आणि ढोलकवाले काका पुढच्या सीटवर बसून गाण्यांच्या यादीत दोन गाण्यांमधल्या पट्ट्या तपासतात. मला ती शांतता आवडते. संध्याकाळी तीन तास कानांवर मारा होणार असतो, तो सोसायची तयारी त्या शांततेत होते.

मांजरसुंबा सोडून केजच्या पुढे गेलो आणि पुढच्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर दिसला. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही वरपर्यंत भरलेल्या. गळीत हंगामात हे दृश्य नवं नाही. पण मागची ट्रॉली साइडपट्टीवर उतरली, कलली, आणि आमच्या डोळ्यांदेखत पलटी झाली. ट्रॅक्टरवाला सुखरूप होता, बाकी कुणी जवळ नव्हतं, ही देवाची कृपा. आमच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, मागच्या पिकअपवाल्यानंही दाबला, आणि पिकअपमध्ये काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला.

रस्ता उसानं पूर्ण अडला. दोन्ही बाजूंना एसटी, जीप, दुचाक्या. मागून एक टोळीची गाडी आली, तिच्यातले ऊसतोड कामगार न सांगता उतरले आणि मोळ्या बाजूला ओढू लागले. आमचे दोन्ही गायक आणि निवेदक त्यांच्या मदतीला गेले. वादकांनी जायचं नाही असं काकांनी ठणकावून सांगितलं, कारण उसाच्या पाचटाची कड पात्यासारखी बोटं चिरते आणि चिरलेल्या बोटांनी संध्याकाळी चामडं वाजत नाही. ते बरोबरच होतं, तरी त्या बायकामाणसांना डोक्यावर मोळ्या घेऊन जाताना नुसतं बघत उभं राहणं जड गेलं.

मी पिकअपकडे गेलो. स्टेजवरचा एक मॉनिटर स्पीकर पट्टा तुटून घसरला होता आणि मादलांच्या पेटीवर आदळला होता. पेटीचं झाकण आत गेलं होतं. पाच मादलांपैकी चार धड होती. मधल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, मधल्या काळ्या शाईच्या कडेपासून काठाच्या गजऱ्यापर्यंत फाटली होती.

मादल हे नेपाळकडचं वाद्य. लाकडाचं पोकळ खोड, दोन्ही तोंडांना चामडं, दोन्हीकडे शाई. पंचमदांनी १९७१ च्या एका चित्रपटात ते वाजवून घेतलं आणि मग सोडलंच नाही. एरवी एका मादलावर काम भागतं. पण १९७८ च्या 'घर'मध्ये लताबाईंचं 'तेरे बिना जिया जाये ना' आहे, त्यात रणजित गजमेरांनी मादल तरंग वाजवलाय. वेगवेगळ्या सुरांत लावलेली मादलं ओळीनं मांडायची आणि त्यांच्यावर सूर काढायचे. त्या गाण्यात मादल नुसता ठेका धरत नाही, गायिकेला उत्तर देतं. माझ्या संचातला मधला सूर गेला म्हणजे त्या उत्तरातला नेमका मधला शब्द गेला.

आमच्या संयोजकांनी तिथल्या तिथे तोडगा काढला. "ऑक्टोपॅडवर मादलाचा आवाज आहे की, त्यावर काढ." तसा आवाज आहे, आणि गर्दीत खपूनही जातो. पण या इलेक्ट्रॉनिक पॅडवर काठी आपटली की प्रत्येक वेळी तोच साठवलेला आवाज येतो. मादलावर तळव्याची कड शाईवर किती वेळ टेकते, त्यावर सूर किंचित झुकतो. पाठोपाठचे दोन ठोके कधीच सारखे नसतात. त्या गाण्याचा सगळा जीव त्या झुकण्यात आहे. मी म्हटलं, गाणं काढून टाका, पण पॅडवर नको. काका मधे पडले आणि म्हणाले, आधी गाव गाठू, मग बघू.

अंबाजोगाईच्या आयोजकांना मी रस्त्यावरूनच फोन लावला. पुडी भरणारं कुणी आहे का, एवढंच विचारलं. तिकडून लगेच उत्तर आलं, "आहेत की, मृदंग भरणारे एक मामा आहेत. या तुम्ही."

रस्ता मोकळा होऊन गावात पोचायला पाच वाजून गेले. बाकीचे मैदानावर उतरले, मी आयोजकांच्या एका मुलाच्या दुचाकीवर फाटकं मादल मांडीवर घेऊन योगेश्वरीच्या देवळाच्या रस्त्याला लागलो. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दारात चामड्याच्या वाद्या भिजत घातलेली बादली, आत मृदंगांची खोडं, भिंतीवर पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांचा फोटो. पखवाज देशभर नेणाऱ्या शंकरबापूंचं आपेगाव अंबाजोगाई तालुक्यातलंच. मी आत शिरताना नकळत फोटोला हात जोडले, ते मामांनी पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मादल त्यांनी हातात घेतलं, फिरवलं, वास घेतला. असलं वाद्य पहिल्यांदाच बघत होते.

"दोन्ही अंगाला शाई?"

"हो मामा."

"हिची पुडी आज न्हाई व्हायची. शाईचा एकेक थर वाळवून, दगडानं घोटून चढवावं लागतंय. तीन-चार दिवस तरी लागतेत. वाजवायचं कधी हाय?"

"आजच. आठ-साडेआठला."

ते काही बोलले नाहीत. उठून आतल्या खोलीत गेले आणि एक लहान मृदंग घेऊन आले. वारकरी संस्थेत शिकायला येणाऱ्या पोरांसाठी असतो तसा, खोड आखूड, तोंड लहान. "सूर काय पायजे, ते सांगा," म्हणाले. मी मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर सूर लावून दिला. त्यांनी मोबाइल कानाशी धरला, डोळे मिटले, आणि हातोडीनं वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे सरकवू लागले. मग गजऱ्यावर गोल फिरत ठोके. मृदंग हळूहळू चढत गेला. पाऊण सूर राहिला तेव्हा मला वाटलं पुडी आता तुटते. मामा थांबले, तळव्यानं चामड्याला ऊब दिली, आणि अगदी हलके दोन ठोके मारले. सूर लागला. तो ऐकून अंगावर काटा आला, हे मी अजिबात वाढवून सांगत नाही.

पुढची अडचण डाव्या तोंडाची होती. मृदंगाला लावतात तशी कणीक लावली तर घुमारा जड होऊन मादलाशी जुळेना, न लावावी तर डावं तोंड आपोआप गुंजत राही. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, चौघडी घातली आणि डाव्या तोंडावर वादीनं आवळून बांधलं. आवाज आखूड झाला. मी माझं एक धड मादल शेजारी ठेवून दोन्हींवर आळीपाळीनं वाजवलं. मृदंगाचा सूर किंचित जाड होता. रंग मात्र त्याच घरातला होता.

"म्या येतो संगं," मामा म्हणाले. "रातच्याला दव पडतंय, सूर उतरंल." हातोडी खिशात घालून ते दुचाकीवर माझ्या मागे बसले, मृदंग आम्ही मधे धरला.

कार्यक्रम आठला सुरू झाला. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आता सगळीकडे पाळावा लागतो, त्यामुळे यादीतली सात गाणी कापली गेली. संयोजकांनी मादलाच्या गाण्यावरही पेन ठेवलं होतं. मी मृदंग स्टँडवर चार मादलांच्या मधोमध बसवला आणि त्यांना फक्त एक ओळ वाजवून दाखवली. त्यांनी पेन खिशात ठेवलं.

मैदान भरलं होतं. शिक्षक, मेडिकल कॉलेजातले डॉक्टर, आडतीतले लोक, शाली पांघरलेल्या बायका. अंबाजोगाईचा श्रोता दमदार गाण्याला टाळी देतो, पण अंतरा संपल्यावरच्या वाद्यांच्या तुकड्यालाही वेगळी टाळी देतो, हे मी तिथे पहिल्याच गाण्यात पाहिलं. आमच्या सॅक्सोफोनवाल्याला दोनदा दाद मिळाली. लग्नाच्या बँडमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला तो माणूस, त्याचे डोळे भरून आले होते.

मामा माझ्या मागे, विंगेच्या कडेला, हॅलोजनजवळ स्टूलवर बसले होते. आमचं गाणं यायला साडेनऊ झाले. निवेदक बोलू लागला आणि मी मृदंगावर हळूच बोट टेकवलं. मला सूर ठीक वाटला. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मामा वाकून पुढे आले, एका हातानं चामडं चाचपलं, गजऱ्यावर दोन जागी हातोडी टेकवली, ठोकलीही नाही, नुसती दाबली. पुन्हा बोट टेकवलं तेव्हा कळलं की आधी तो केसभर उतरलेला होता. स्पीकरचा गलका, निवेदकाचं बोलणं, समोर हजार माणसं, आणि त्यांना माझ्या एका बोटाच्या टिचकीतून ते ऐकू आलं होतं.

गाणं सुरू झालं. आमची गायिका त्या रात्री फार सुंदर गायली. मादलांचा पहिला तुकडा आला, खालून वर, मधल्यावर थांबा आणि परत. मधला सूर मृदंगाचा. तो थोडा भारदस्त आला, आणि गाण्याला एक वेगळाच पाया मिळाला. तिसऱ्या रांगेकडे मी बघत होतो. एका पांढऱ्या टोपीवाल्या गृहस्थांनी मान वर केली, शेजाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दोघं पुढे सरकून बसले. दुसऱ्या तुकड्यानंतर टाळ्या आल्या. काका ढोलकवरून माझ्याकडे बघून हसले, गाण्याच्या मधे ते कधीच हसत नाहीत.

दहाला पाच मिनिटं असताना पडदा पडला. जेवायला आयोजकांच्या अंगणात पंगत होती: ज्वारीच्या भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मामा माझ्या शेजारी बसले. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "पयल्यांदा ह्ये वाजवलं कुणी?"

मी रणजित गजमेरांचं नाव सांगितलं. दार्जिलिंगचे, मुंबईत येऊन पंचमदांच्या ताफ्यात वाजवायला लागले, सगळे त्यांना कांचा म्हणत, असं जे माहीत होतं ते सांगितलं. मामांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं, उच्चार नीट बसेपर्यंत. मग म्हणाले, "हाताचा धनी माणूस. ऐकू येतंय त्यात."

मृदंगाचं भाडं त्यांनी घेतलं नाही. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, पुडीचे पैसे द्या, मादल ठेवून जा. नेपाळकडची माणसं वादी कशी ओवतात, ते त्यांना उकलून बघायचं होतं. मी मादल त्यांच्या स्वाधीन केलं. मध्यरात्री आम्ही परतीच्या रस्त्याला लागलो. केजच्या पुढे ती ट्रॉली उचलून नेलेली होती, कडेला थोडं पाचट पडलं होतं.

महिना संपायच्या आत मादल एसटीच्या पार्सलनं आलं, जुन्या गोणपाटात शिवलेलं. मामांनी ओवणी नेपाळी पद्धतीचीच ठेवली होती, पुडी मात्र मृदंगाची भरली होती, किनार रुंद आणि शाई जरा जाड. संच लावला की मधला सूर आता बाकी चौघांपेक्षा भरीव येतो. गायिका म्हणते असाच राहू दे. काकांना अजून जुना आवाज हवाय, आणि प्रत्येक साउंड चेकला आमचा त्यावरून वाद होतो.