क्यू दाबला आणि ग्राफच गेला

गोव्यात वेर्ण्याला आमच्या प्लांटवर ड्रायरचं तापमान लाइव्ह दाखवणारी पायथनची स्क्रिप्ट मी लिहिलेली. दर दोन सेकंदांनी ग्राफ पुढे सरकतो, बाजूच्या विंडोत ऑपरेटर बॅचचा फॉर्म भरतो. लावल्यापासून पंधराएक दिवस आमच्या ऑपरेटर मामांच्या फॉर्ममधे चुका, ७१.६ च्या जागी नुसतं ७, कुठे रकानाच रिकामा. सुपरवायझरने सगळ्यांसमोर "चष्मा बदला" म्हणून सुनावलं. वीस वर्षं कागदावर एक आकडा न चुकलेला माणूस आहे हा, पण त्यांच्या बाजूला बसून बघावं असं कोणाला वाटलं नाही, मलाही नाही.

शेवटी गेल्या आठवड्यात एका शिफ्टला बसलो. मामा टाइप करताना कागद आणि कीबोर्ड बघतात, स्क्रीन नाही. ७ दाबला, तेवढ्यात ग्राफची विंडो उसळून पुढे आली, बाकीचे आकडे तिच्यात गेले. मग 'क्यूटीवाय' (क्वांटिटी) लिहायला त्यांनी क्यू दाबला आणि ग्राफ बंदच झाला! मॅटप्लॉटलिबमधे, म्हणजे पायथनच्या ग्राफ काढायच्या लायब्ररीत, क्यू म्हणजे विंडो बंद, एफ म्हणजे फुलस्क्रीन, एस म्हणजे सेव्ह. आणि वाईट म्हणजे स्क्रिप्टने एरर दिलीच नाही, कारण दोन अपडेटमधे थांबायला मी वापरलेली 'पॉज' कमांड विंडो नसली की नुसती थांबते आणि लूप पुढे चालू. मामा म्हणाले, "बघ रे बाबा, हे असं रोज होतं, मला वाटलं माझाच हात लागतो."

दोष माझ्या 'पीएलटी डॉट पॉज'चा. नावावरून वाटतं नुसता थांबत असेल, पण विंडो असली की तो आतून दर वेळी 'शो' करतो आणि शो विंडोला वर ओढतो. माझ्या मशीनवर मी फक्त ग्राफच बघत बसायचो, मग कळणार कसं. आता सेटिंगमधे 'फिगर डॉट रेज अंडरस्कोर विंडो' (विंडो आपोआप वर आणणं) फॉल्स, म्हणजे बंद केलंय, पॉज काढून विंडो वर न ओढता ग्राफ ताजा करणारे 'ड्रॉ आयडल' आणि 'फ्लश इव्हेंट्स' लावलेत, ग्राफची लाइन नवी न काढता 'सेट डेटा'ने तीच बदलतो, आणि क्यूचा शॉर्टकट उडवलाय. दोन तास मी स्वतः फॉर्म भरून बघितला, विंडो एकदाही पुढे आली नाही.

जुन्या नोंदी कागदावरून दुरुस्त केल्या. मामांना कँटीनमधे सॉरी म्हटलं, ते "जाऊ दे रे" म्हणाले. पण ओरडा त्यांनी सगळ्यांसमोर खाल्लेला आणि सुपरवायझर अजून एक शब्द बोललेला नाही. मामा आता प्रत्येक आकड्यानंतर मान वर करून स्क्रीन बघतात.