माउसची किरकिर

दुपारी दीडच्या सुमाराला, कोथरूडातले कुकरसुद्धा गप्प झालेले असतात तेव्हा, मला हेडफोनमध्ये माउस ऐकू आला. क्लिकचा आवाज नव्हे. माउस हलवला की कानात बारीक 'किर्रर्र', थांबवला की बंद. एखादी विंडो धरून खाली ओढली की किरकिरीचा सूर चढायचा. भीमपलास लावला होता. आलापात बुवा श्वासाला थांबले की त्या जागेत नेमकी ही किरकिर. बायकोला हेडफोन दिला. "काही नाहीये," ती म्हणाली, आणि लगेच, "गीझर बंद केलास का?"

म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज तयार करणारं वेगळं साउंड कार्ड घेणं आलं.

तापकीर गल्लीत दुपारी जाण्यात अर्थ नव्हता, संध्याकाळी गेलो. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे, मी टाईपरायटरची रिबन मागितल्यासारखं पाहिलं. "काका, मदरबोर्डवरच असतं ना सगळं. वेगळं कोण घेतं आता?" पण पोरगं जाणतं निघालं. म्हणाला, आधी मागच्या हिरव्या पिनला लावून बघा, पुढच्या पॅनलची वायर कॅबिनेटभर फिरून येते, वाटेतलं सगळं गोळा करत. त्याचं बरोबर होतं. माउस हलला की प्रोसेसर दचकून जागा होतो, करंट कमीजास्त होतो, आणि शेजारीच बसलेल्या आवाजाच्या नाजूक वायरींना ते ऐकू जातं. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं. भिंत सामाईक असली की शेजारच्यांचं भांडण आपल्या आमटीत.

घरी येऊन मागे लावलं. किरकिर निम्मी झाली. निम्मी किरकिर पूर्ण किरकिरीपेक्षा वाईट, कारण मग ती कान लावून शोधावी लागते.

आमच्या वेळी वेगळं कार्ड घ्यावंच लागायचं. नुसत्या कॉम्प्युटरला 'पीं' एवढंच म्हणता यायचं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने 1989 साली साउंड ब्लास्टर काढलं आणि हे खोकं बोलायला लागलं. आमच्या घरी ते यायला 1998 उजाडलं. कॉम्प्युटर असेंबल करून देणारा मित्र कॅबिनेट उघडं टाकून फरशीवर मांडी घालून बसला होता, आणि जुने गेम आवाजाची सेटिंग्ज विचारायचे तेव्हा अथर्वशीर्ष म्हटल्यासारखं म्हणायचा: पोर्ट 220, आयआरक्यू 5, डीएमए 1. एक आकडा चुकला की मोडेम आणि कार्ड यांची जुंपायची. गाणं लावलं की इंटरनेट गेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे दोनला पहिला आवाज आला. बाबा आतून म्हणाले, "आला ना? आता बंद कर."

आता पर्याय फार झालेत. कॅबिनेटच्या आत बसणारं कार्ड घ्यावं की यूएसबीला जोडायची बाहेरची डबी? बाहेरची बरी, कारण आवाज तयार होतो तोच त्या गोंगाटाच्या घराबाहेर. पण डब्यांवरचे आकडे वाचले की पुन्हा घोळ. गाणं आणि खरखर यांतलं अंतर कुणी 116 डेसिबल म्हणतो, कुणी 124. कुणी म्हणतो 192 किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचे सेकंदाला 1,92,000 नमुने. एका कंपनाला दोन नमुने लागतात; सीडीला सेकंदाला 44,100 पुरले, आणि वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं तेही कोवळ्या कानाला. माझ्या पन्नाशीच्या कानाला बारा-तेरा हजार आले तर मी पेढे वाटीन. 192 चं कार्ड वटवाघळांनी घ्यावं. तरी मी तेच निवडून ठेवलं. कमी आकड्याचं घेतलं आणि किरकिर राहिलीच, तर जन्मभर वाटत राहणार की चारशे रुपयांसाठी चिकटपणा केला.

हा कानाचा किडा मला आत्याने लावला. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत ती तंबोरा लावायला बसली की अर्धा तास तरी मोडायचा. खुंट्या पिळायच्या, मणी सरकवायचे, आणि मग खरं काम: तारेखालचा दोरा. घोडीवर तार टेकते तिथे तो सुती दोरा केसभर पुढे, केसभर मागे. मी समोर बसून "झालं?" विचारायचो. "ऐक," ती म्हणायची. मला काहीच वेगळं ऐकू यायचं नाही. मग एका क्षणी तार उघडायची. टणत्काराच्या जागी लांबलचक, भुंग्यासारखी घुमणारी आस. जवारी लागली. बाबा बाहेरून विचारायचे, "ही गाते कधी?"

आत्ता मजा वाटते ती ही, की जवारी म्हणजे तरी काय, तारेची घोडीवरची किरकिरच. ती आणायला अर्धा तास, आणि ही घालवायला मी चार हजार मोजायला निघालेलो. दोन्हींत फरक काय, ते तिला विचारायला हवं होतं.

रविवारी गेलो होतो तिच्याकडे. ऐंशी उलटली. कानाला यंत्र आहे, पण दुपारी काढून ठेवते. म्हणते, त्यात माणसं आणि भांडी एकाच आवाजात बोलतात. कार्डाचं सांगायला लागलो तर तिने हसून हात हलवला, म्हणजे ऐकू येत नाहीये. मग स्वतःच उठली, कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढली, मांडीवर आडवा घेतला. डावा तळवा भोपळ्यावर सपाट ठेवला आणि उजव्या हाताने तारा छेडल्या. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

"जवारी गेलीय," ती म्हणाली. "मिरजेला पाठवायला हवा."

मी नीट ऐकत होतो. मला तर ठीक वाटला होता. मी मान डोलावली.