२६ जानेवारीची पूजा

कन्नमवार नगरात २६ जानेवारी म्हणजे सत्यनारायण. सकाळी पटांगणात झेंडावंदन, मग त्याच मांडवात सार्वजनिक महापूजा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या देशात असंच असतं.

विक्रोळी पूर्वेची आमची वसाहत हाऊसिंग बोर्डाची. १९४८च्या कायद्याने बोर्ड आलं आणि नोकरदार-कामगारांसाठी उपनगरांत अशा वसाहती उभ्या राहू लागल्या. राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार १९६३मध्ये पदावर असतानाच गेले. त्यांचं नाव आमच्या पत्त्यात आलं. १९७७मध्ये बोर्डाच्या जागी म्हाडा आली, तरी आई शेवटपर्यंत ‘बोर्डाचं भाडं’ असंच म्हणायची. खोल्या एवढ्याशा, पाहुणा आला की आम्ही पोरं गॅलरीत झोपायचो. पण बिल्डिंगींच्या मधे पटांगण होतं, आणि मंडळाचा सगळा संसार तिथेच.

आदल्या रात्री सुतळीला खळ लावून पताका चिकटवायच्या. पहाटे तळमजल्याच्या काकू विटांच्या चुलीवर भलं मोठं पातेलं चढवायच्या. सव्वा पाच किलो रवा, आणि झाऱ्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. रवा तुपात खमंग झाला की वास चौथ्या मजल्यापर्यंत जायचा, मग एकेक दार उघडायचं. आम्हा मुलांचं काम जुन्या वह्यांचे चौकोन कापायचं. त्यावर शिऱ्याची मूद पडली की तूप झिरपून मागच्या पानावरची गणितं दिसू लागायची.

संध्याकाळी हळदीकुंकू, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार आणि रात्री डबलबारी. दोन बुवा समोरासमोर, पखवाज, झांजा, सवाल-जवाब. कोकणातली मंडळी भांडुप-कांजूरहून चालत यायची. बायका गोधड्या पांघरून जिन्यात बसायच्या. गजर चढला की जिन्यातूनही टाळ्या पडायच्या. तसं भजन मी नंतर मोठमोठ्या सभागृहांत ऐकलं, तो रंग नाही आला.

१९८२ची पूजा मात्र वेगळी आठवते. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आठ दिवसांनी आमची पूजा. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे गिरणीत होते. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल म्हणत त्यांनी नेहमीएवढीच पावती फाडली. पुढच्या जानेवारीतही संप सुरूच होता. मंडळाच्या बैठकीत ठरलं, त्या दोन दारांवर पावतीपुस्तक न्यायचं नाही, आणि पूजेला बसायचा मान त्यातल्याच एका जोडप्याला द्यायचा. वहिनी लग्नातला शालू नेसून पाटावर बसल्या होत्या. कथा संपेपर्यंत त्यांच्या यजमानांनी मान वर केली नाही. आमच्या मंडळाने ढाली, चषक पुष्कळ मिळवले, पण मला अभिमान त्या पाटाचा वाटतो.

आता पुनर्विकास आलाय. पक्की, मोठी घरं मिळताहेत, ती मिळायलाच हवीत; चाळीस वर्षं गळक्या छताखाली काढलेल्यांना त्याची किंमत कळते. पण नवे नकाशे बघताना माझी नजर आधी पटांगण शोधते. दोन टॉवरांमधे गाड्या लावायच्या जागेला मी पटांगण म्हणणार नाही.

आमची बिल्डिंग रिकामी झाली, माणसं ऐरोली, डोंबिवली, बदलापूरला भाड्याने राहायला गेली. यंदा मांडव शेजारच्या आवारात घातला. सकाळी सातच्या आत सगळे हजर होते. रवा काकूंच्या सुनेने भाजला, झारा तोच.